मागचा अंदाज

अहमदाबाद महामार्गावर विरार फाट्याशी थोडा वेळ उभं राहिलं की न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जाताना दिसतात. वळणावर त्यांच्याकडे नीट पाहावं. चालकाची केबिन वळून गेलेली असते आणि मागची चाकं अजून वळायची असतात. ती पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या अंगाने कोपरा कापत येतात. म्हणून कसलेला चालक वळणाआधी गाडी बाहेरच्या अंगाला काढतो, वाटतं त्यापेक्षा थोडी पुढे नेतो आणि मग वळवतो. या केबिनमध्ये बसलेली बाई मी या रस्त्यावर अजून पाहिलेली नाही. पण एवढं लांबलचक ओझं मागे घेऊन चालणाऱ्या बायका महाराष्ट्रात आहेत, काल-परवापासून नव्हे, चांगल्या तीन-चार दशकांपासून. त्यांच्या धाडसाचं कौतुक उदंड होतं. त्यांच्या कसबाबद्दल मात्र कुणी फारसं विचारत नाही, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझी मावसबहीण आगाशीकडच्या एका वाडीत दिलेली आहे. भाऊजींची पाठ गेल्यापासून छोटा ट्रॅक्टर तीच चालवते. ट्रॅक्टर पुढे नेण्यात विशेष काही नाही, असं ती म्हणते. खरी परीक्षा शेणखताने भरलेली ट्रॉली वाडीच्या आत उलटी घालताना. दोन्हीकडे दगडी कुंपण, मधे ट्रॉलीपेक्षा हातभर जास्त रुंद वाट. एकदा मी कडेला उभी राहून बघत होते. तिने आधी खाली उतरून वाट पायी चालून पाहिली, हुकाची पिन हाताने हलवून बघितली, मग वर चढली. मान पूर्ण मागे, उजवा हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या बाजूला. मी विचारलं, तर म्हणाली, “अगं ताई, वर हात धरला की सगळं उलटं होतं. खाली धरला की हात जिकडे, ट्रॉलीची शेपटी तिकडे.” अर्ध्या वाटेत ट्रॉली तिरकी झाली. ती थांबली, ट्रॅक्टर सरळ पुढे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बांधावरचे दोघं-तिघं ‘डावीकडे काप, उजवीकडे काप’ असं ओरडत होते. तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

ते पुढे घेणंच मला फार मोलाचं वाटलं. जोडगाडी मागे घेताना पुढची गाडी आणि मागची ट्रॉली यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळ होत नाही, दुमडतच जाते. तेव्हा उपाय एकच, पुढे जाऊन सरळ करायची. ज्याला हे माहीत आहे त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. ज्याला माहीत नाही तो इरेला पेटून रेटत राहतो आणि हूक वाकवून ठेवतो.

ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये गाडीच्या मागे चाकांवरचं घर जोडून हिंडणारी माणसं पुष्कळ. अनेक जोडप्यांत वर्षानुवर्षं नवराच चालवतो. मग त्याचं दुखणं निघतं किंवा तो जातो, आणि ते घर अंगणात उभं राहतं. अशा बायकांना शिकवणारे वर्ग तिकडे चालतात. त्यांत जे शिकवतात ते ऐकलं तर माझ्या मावसबहिणीला नवल वाटणार नाही. जड सामान खाली आणि आसाच्या आसपास ठेवावं. ऑस्ट्रेलियात सांगतात, साधारण एक दशांश भार हुकावर यावा. मागे वजन जास्त झालं तर वेगात ते घर शेपूट हलवल्यासारखं डावी-उजवीकडे झुलू लागतं. तेव्हा घाबरून ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आखूड ट्रॉलीपेक्षा लांब ट्रॉली मागे घेणं सोपं असतं, कारण ती सावकाश वळते आणि चूक दुरुस्त करायला सवड देते. म्हणजे ‘एवढं मोठं हिला कसं झेपणार’ हा प्रश्न मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. यात ताकद लागते ती फार थोडी. लागतो तो मागचा अंदाज, आणि तो सरावाच्या तासांनी येतो.

आम्हा विरारकरांच्या तर आयुष्यातच लांब गाडी आहे. पश्चिम रेल्वेच्या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी १८६७ साली विरारहूनच मुंबईतल्या बॅकबेकडे सुटली. आज बारा आणि पंधरा डब्यांच्या लोकल धावतात. त्यांना मागे घेण्याचा प्रश्न येत नाही, दोन्ही टोकांना केबिन असते. मोटरमन विरारला उतरून आपली बॅग घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि शेपटाचं डोकं होतं. पण थांबवणं हे मोटरमनचं खरं काम. बारा डब्यांची पाटी वेगळी, पंधराची वेगळी. त्या पाटीशी नाक लागलं तरच शेवटचा डबा फलाटावर येतो. रिकामी गाडी आणि सकाळची खचाखच भरलेली गाडी एकाच ब्रेकला सारखी थांबत नाही. आणि सगळा वेळ हाताखालचा दांडा दाबून धरावा लागतो. तो सुटला तर गाडी आपोआप ब्रेक लावते.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. डबे सगळे बायकांचे, चालवणारा मात्र पुरुष. मुंबईच्या लोकलच्या केबिनमध्ये बाई यायला २००० साल उजाडावं लागलं, आणि तेही मध्य रेल्वेवर.

ती बाई म्हणजे सुरेखा यादव. साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या. १९८६ मध्ये त्यांनी सहाय्यक चालकाच्या जागेसाठी अर्ज केला. कल्याणला प्रशिक्षण झालं, १९८९ मध्ये त्या सहाय्यक चालक झाल्या. सहाय्यक म्हणून त्यांची पहिली गाडी वाडीबंदर ते कल्याण अशी मालगाडी होती. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव सर्वत्र छापलं जातं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या मधल्या वर्षांचं अधिक वाटतं. सहाय्यक म्हणून चालकाशेजारी उभं राहून प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारायचा. इंजिन तपासायचं. मग १९९६ मध्ये मालगाडी स्वतःच्या हाती आली. मग २००० मध्ये लोकल. मग घाटासाठी वेगळं प्रशिक्षण घेऊन २०१० मध्ये घाटातल्या गाड्या.

घाटाचं थोडं सांगायला हवं. कर्जत ते लोणावळा या भोर घाटात चढ सदतीस फुटांना एक फूट. वर जाताना गाडीच्या शेपटाला ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. उतरताना मागचं सगळं वजन पाठीवर येतं आणि ब्रेकवर अखंड लक्ष ठेवावं लागतं. असा घाट हाताखालून गेल्यावर ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षं! वर्तमानपत्रात डेक्कन क्वीन आणि वंदे भारतच्या दोन दिवसांचे फोटो आले, पण त्या दोन दिवसांच्या मागे मालगाडीच्या असंख्य रात्री आहेत.

हे तास त्यांना मिळाले, कारण रेल्वेत एक शिडी होती आणि प्रत्येक पायरीवर शिकवणारं कुणीतरी होतं. एसटीनेही उशिरा का होईना तसंच केलं. अवजड वाहनाचा अनुभव आधी आणा, मग नोकरी देऊ, असं बाईला सांगितलं तर ती तो आणणार कुठून? महामंडळाने महिलांसाठी अट सैल केली, त्यांना स्वतः शिकवलं, आणि जून २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवडहून नीरेला बस नेली. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांना अशी शिडी मिळाली नव्हती. वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण झालेलं, नवरा अपघातात गेला, पोरं लहान. त्यांनी ट्रकचं स्टिअरिंग हाती घेतलं आणि रस्त्यावरच शिकल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण प्रत्येक बाईला तास मिळण्यासाठी आधी घरावर संकट यावं लागतं, ही व्यवस्था चांगली नाही. माझ्या मावसबहिणीलाही भाऊजींची पाठ जाईपर्यंत कुणी ट्रॅक्टरवर बसू दिलं नव्हतं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे तशाच चाकांवरच्या घरातून होणाऱ्या, पर्यटनाचं धोरण आणलं, २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरणही आलं. दोन्ही कागद चांगले आहेत. पण कागदाने हात तयार होत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींचा परवाना कपाटात, साडीच्या घडीखाली आहे. गाडी दाराशी उभी असते आणि ती चालवायला रविवारी मुलगा येण्याची वाट बघितली जाते. त्यांना विचारलं तर सांगतात, शेजारी बसणारा फार बोलतो.

विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीकडे अजून रुंद रस्ते आहेत, सकाळी लवकर ते बरेच मोकळे असतात. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर किल्ली तिच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तिने विचारल्याशिवाय बोलू नका. गाडी तिरकी गेली तर ती पुढे घेऊन पुन्हा सुरुवात करेल, तेवढा वेळ हातात ठेवून निघा. आणि तुमच्याकडे ट्रॉली असेल, तर तिला शिकवायचं म्हणून ती सोडवून ठेवू नका. जोडलेलीच राहू द्या.