आजीचं मलमल आणि मस्कतचं ऊन

इंदूरहून मस्कतला निघाले तेव्हा आजीने तिच्या जुन्या मलमलच्या लुगड्याचा तुकडा बॅगेत ठेवला. "उन्हात डोक्याला बांध गं." मी तो हळूच काढून कपाटात टाकला. स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळून कंटाळले होते. तिकडे तरी मोकळं राहायचं, म्हणून बिनबाह्यांचे टी-शर्ट भरले.

जूनमधल्या एका दुपारी तशीच मत्रा सूकला चालत गेले. शेजारी समुद्र, पण वारा भट्टीतला! संध्याकाळी दंड लालबुंद, रात्रभर आग. इथे जून ते ऑगस्ट दुपारी 12.30 ते 3.30 उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं, ते उगाच नाही.

मग लोकांकडे नीट पाहिलं. पुरुषांच्या अंगात पायघोळ, सैल, बहुधा पांढरा दिशदाशा. गळ्याशी लोंबणाऱ्या गोंड्याला अत्तर, डोक्यावर भरतकामाची कुम्मा टोपी. बायकाही सैल झग्यात. यात रीतिरिवाज आहेतच, पण ऑफिसातली ओमानी मैत्रीण म्हणाली, "ऊन कातडीला लागू द्यायचं नाही आणि कपड्यात हवा खेळली पाहिजे." अगदी आजीच बोलल्यासारखं वाटलं!

आता बाहेर पडताना मी लांब बाह्यांचा सैल सुती कुर्ता घालते. आजीला फोनवर सगळं सांगितलं. ती हसली. "कपाटातलं मलमल मला त्याच दिवशी सापडलं होतं. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवू का?"