विहिरीतलं कासव आणि वेळासची टोपली

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कासव आहे का हो? नाही, दिवाणखान्यात काचेच्या ताटलीत पाण्यात ठेवलेलं पितळी कासव म्हणत नाही मी. ते तर आता घरोघरी झालंय. उत्तरेकडे तोंड करून ठेवलं की पैसा येतो म्हणे! आमच्याकडे चार वर्षं आहे, त्याला घासायला लागणारी पितांबरी तेवढी वाढली. मी म्हणतेय जिवंत कासवाबद्दल. पितळी कासवावर समाधान न मानता काही जणी आता जिवंतच घरी आणू लागल्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं नायगाव नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. काळी जमीन, सोयाबीन-कापूस, आणि उन्हाळा म्हणाल तर असा की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसायचं नाही. गोदावरी तालुक्याला शिवून जाते, पण गावातल्या बाईचा पाण्याशी संबंध यायचा तो विहिरीशी. आणि विहीर म्हटली की कासव आलंच. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सांगतात की नवी विहीर बांधून झाली की नदीचं कासव आणून तिच्यात सोडायचे. ते किडे, गोगलगायी, मेलेलं काही पडलं तर ते खाऊन टाकतं नि पाणी निर्मळ राहतं. पोहरा खाली गेला की ते डोकं वर काढायचं. त्याला कोणी नाव ठेवलं नाही, कोणी घरात आणलं नाही. "इहिरीचं हाय ते, आपलं न्हाई," असा त्यांचा हिशेब.

ते कासव म्हणजे आपल्या तळ्यानाल्यांतलं मऊ पाठीचं पाणकासव. पाठीवर कातड्यासारखं आवरण आणि पोटाखाली दोन पडदे. मागचे पाय आत ओढले की पडदे बंद! आपण साडीचा पदर सावरावा तसं. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात खोल रुतून पावसाची वाट बघत झोपून राहतं. आता विहिरी बुजल्या, घरोघरी बोअर आले, आणि एप्रिल-मे महिन्यात तळ्यांतला गाळ काढायला यंत्रं लागतात. गाळ शेताला चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गाळातून झोपलेलं कासवही वर येतं, आणि ट्रॅक्टरमागे धावणारी पोरं ते घरी घेऊन येतात. आईपुढे प्रश्न पडतो: आता याचं करायचं काय?

आमच्या गल्लीतल्या काकूंकडे मात्र वेगळंच कासव आलं. त्यांच्या भावानं हैदराबादेकडून आणलेलं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखं. "घरात ठेव, बरकत येईल," असं सांगून दिलेलं. काकूंचा नातू नऊ वर्षांचा. त्याला तर जग मिळालं! न्हाणीघरात टबात पाणी भरून त्यात ते कासव. खायला दूध-पोळी, बिस्किटं. तीन-चार महिन्यांत पाठ मऊ पडली, डोळे चिकटू लागले, ते मान बाहेर काढीना. काकू रडकुंडीला येऊन मला म्हणाल्या, "माय, हे घरात मेलं तर काय होईल गं?"

चांदणीचं कासव पाण्यातलं नव्हेच. ते कोरड्या माळावरचं, आंध्र-कर्नाटकाकडचं. गवत, पाला, फुलं खाणारं. त्याला ऊन हवं, कारण उन्हावाचून पाठीचं हाड बनत नाही. खोल पाण्यात ते बुडून मरतं. दूध-पोळी त्याच्या पोटाला विषासारखीच म्हणा ना. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. २०२२ साली त्यात सुधारणा झाली, ती २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाली, आणि हे कासव वाघाच्याच यादीत, पहिल्या अनुसूचीत, जाऊन बसलं. विहिरीतलं पाणकासवसुद्धा त्याच यादीत. घरी बाळगलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. बरकत राहिली बाजूला!

काकूंना घाम फुटला. रात्री गुपचूप तळ्यात सोडून येऊ, असंही त्यांनी सुचवलं. माळावरचं आजारी कासव तळ्यात सोडणं म्हणजे त्याला बुडवणंच की. शेवटी वन विभागाचा १९२६ हा नंबर लावला. दुसऱ्या दिवशी माणसं आली, कागद केला, खोक्यात घालून कासव घेऊन गेली. आपण होऊन कळवलं म्हणून काकूंना कोणी दरडावलं नाही. मात्र नातू दोन दिवस जेवला नाही. काकूंशी बोलला नाही तो तर आठवडाभर. खरं सांगते, त्या पोराचं तोंड पाहून मलाही वाटलं की आपण बरं केलं की वाईट?

तुमच्याकडे असा पाहुणा आला तर रात्रभर सांभाळण्यापुरतं सांगते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाशी जुनं सुती कापड, आणि शांत अंधारी जागा. पाणकासव असेल तर कापड ओलं ठेवा, आणि त्याच्या तोंडापासून बोटं दूर ठेवा, कडकडून चावतं. उचलायचं ते दोन्ही हातांनी बाजूंनी धरून. काही खायला घालू नका, हळद-तेल तर मुळीच लावू नका, आणि १९२६ ला फोन करा. माशांच्या दुकानात मिळणारी कानामागे लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं मूळची अमेरिकेतली. रुपयाएवढी असतात तेव्हा गोड दिसतात, मग ताटाएवढी होतात. कंटाळून लोक ती तळ्यात सोडतात आणि आपल्या कासवांच्या तोंडचा घास जातो. ती न आणलेलीच बरी.

तर त्या रुसलेल्या नातवासाठी म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही दोन घरं मिळून वेळासला गेलो. नांदेडहून रेल्वेनं पनवेल, तिथून गाडीनं महाड, मंडणगड आणि बाणकोटचा रस्ता. मराठवाड्याच्या माणसाला कोकणातली वळणं सोसत नाहीत. आलेपाक आणि लिंबू जवळ ठेवा, एवढाच माझा सल्ला.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, सावित्री नदी जिथं समुद्राला मिळते त्या बाजूचं लहानसं गाव. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. जांभ्या दगडाची घरं, पोफळीच्या बागा, शेणानं सारवलेली अंगणं. हॉटेल शोधू नका, गावातल्या घरांतच उतरायचं. आमच्या यजमानीणबाईंनी पानात उकडीचे मोदक वाढले आणि काकूंनी त्यांना आमच्या तिळाच्या चटणीचं प्रमाण लिहून दिलं. पैसे थेट त्या घरात जातात. बाईच्या हाताच्या चवीवर चाललेलं पर्यटन पाहून मला फार बरं वाटलं.

या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागं न बघता निघून जाते. एके काळी ही अंडी माणसं विकत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ साली समुद्री गरुडाच्या शोधात इथं आली, आणि त्यांना किनाऱ्यावर अंड्यांची टरफलं दिसली. तिथून काम सुरू झालं. गावातल्याच माणसांनी रात्री किनारा फिरायचा, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि अंडी राखण्यातच गावाची मिळकत आहे हे सगळ्यांना पटलं.

अंड्यांतून पिल्लं यायला पन्नासेक दिवस लागतात. वाळू गार असेल तर नर जास्त, तापलेली असेल तर माद्या जास्त. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग उगाच सुनंला बोलत होतो की आम्ही!"

पुरलेल्या अंड्यांवर वेताची टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. पाहुणे हिरमुसले. काही जणांनी तर गावकऱ्यांवर आवाजही चढवला, जणू खेळाची तिकिटं काढली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली आणि वाळू हलली. तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे ती. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवरून त्यांची त्यांनीच चालत जायचं असतं. लाट येते, मागं ढकलते, पुन्हा निघतात.

आपल्या संतांनी कासवीच्या नजरेचा दाखला दिलाय, की ती लांबून नुसतं बघूनच पिल्लांना वाढवते. काकूंनी तो कीर्तनात ऐकलेला. त्या दोरीपाशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "अन् हिची आई तर कव्हाच निघून गेली की!" हजारांतलं एखादंच पिल्लू मोठं होतं, असं तिथल्या कासवमित्रानं सांगितलं. नातवानं त्याला विचारलं, "मग तुम्ही एक तरी घरी का नाही ठेवत?" तो म्हणाला, "ठेवलं तर त्याला हा किनारा ओळखीचा कसा होणार?" मोठी झालेली मादी अंडी घालायला बहुधा जन्मलेल्या किनाऱ्याकडेच परतते, पण सगळ्याच नाही. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे साऱ्या दक्षिणेला वळसा घालून आली की बाई ती!

जाणार असाल तर आधी गावात फोन करून पिल्लं निघण्याचा अंदाज घ्या आणि दोन रात्री हाताशी ठेवा. किनाऱ्यावर विजेरी, मोबाइलचा दिवा लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात. मुलांना साध्या चपला, अंगभर सुती कपडे. परतताना नातवानं शंख वेचायला मागितले, काकूंनी दोन घेऊ दिले. चांदणीच्या कासवाबद्दल तो अजून अधूनमधून विचारतो, की ते आता कुठल्या माळावर असेल.