मरळीसाठी पहिली काठी

कापसाची वेचणी आटोपली, तूर घरात आली, की आमच्या तळेगावच्या (श्यामजी पंत) चौकात हल्ली एक नवी गोष्ट दिसते. मोटारसायकलच्या अंगाला काठी बांधून दोन-दोन पोरे वर्धा नदीकडे निघालेली असतात. कोणी अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यापर्यंतही जातात. पूर्वी गळ म्हणजे बांबूची काठी, तंगूस, तरंगायला बोरूचा तुकडा आणि गरीला गांडूळ. माझ्या वडिलांनी मला हाच सरंजाम करून दिला होता. आता दुकानात रीळ लावलेली काठी मिळते आणि ती घेण्याची पोरांना घाई असते.

मी कृषी खात्यातला माणूस. लोक माझ्याकडे बोंडअळी आणि संत्र्याची फळगळ घेऊन येतात. पण गळाचा नाद लहानपणापासूनचा, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून मधूनच कोणी विचारतो, "साहेब, पहिली काठी कोन्ती घ्यावं?" त्याला मी उलट विचारतो, "बापू, मासा कोणता धरायचा?" कारण फवारणीला नोझल निवडताना आपण आधी कीड पाहतो. काठीचेही तसेच आहे. आधी मासा, मग आमिष, मग काठी, आणि शेवटी रीळ.

एक उदाहरण सांगतो. गावातल्या एका बागायतदाराचा मुलगा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तिकडच्या तळ्यांत मस्केलंज नावाचा मोठा शिकारी मासा असतो. लोक त्याला मस्की म्हणतात. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवले. तो गळाला इतक्या मुश्किलीने लागतो की 'दहा हजार फेकींचा मासा' असे त्याचे नाव पडले आहे. एका दिवाळीला हा मुलगा मस्कीची काठी घेऊन गावी आला. साडेआठ फूट लांब, दणकट. पोरे हरखून गेली. पण नदीवर गेल्यावर तिने आपला रबरी बेडूक धड दहा हातही जाईना. काठीत खोट नव्हती. मस्कीचे आमिष शंभर-दीडशे ग्रॅमपर्यंतही असते, त्यासाठी ती केलेली. आपला बेडूक बारा-पंधरा ग्रॅमचा. एवढ्याशा वजनाने ती काठी वाकतच नव्हती, आणि काठी वाकली नाही तर आमिष फेकले जात नाही.

मस्की आपल्याकडे नाही, पण तिच्याच स्वभावाची मरळ आहे. शेवाळात, पाणवनस्पतींत दबा धरून बसते आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. तिला हवेतला श्वास घेता येतो. म्हणून ती मधूनमधून वर येऊन तोंड काढते, आणि इतर मासे तग धरणार नाहीत अशा आटत्या डबक्यातही जगते. साधी मरळ किलो-दोन किलोची मिळाली तरी पुष्कळ. फुलमरळ मात्र हातभरापेक्षाही मोठी होते. गरी लागताच ती शेवाळात घुसते. तिला तिथून बाहेर ओढेल, पण हलके आमिषही फेकेल, अशी काठी आपल्याला हवी.

तेव्हा पहिली काठी साडेसहा ते सात फुटांची घ्यावी. तिच्या बुंध्याशी किती ग्रॅमचे आमिष फेकता येते ते छापलेले असते. तो आकडा दहा ते तीस ग्रॅमच्या आसपास पाहावा. शेंडा थोडा लवचीक आणि खालचा भाग ताठ, अशी ती असावी. दोन तुकड्यांची काठी एसटीत आणि मोटारसायकलवर सोयीची. एकात एक सरकणारी काठी आणखी आटोपशीर दिसते, पण तिला सांधे जास्त, आणि ओढ पडली की दगा सांध्यातच होतो. फायबर ग्लासची काठी जरा जड असते, पण धक्के सोसते आणि स्वस्तही पडते. कार्बनची हलकी, पण आपटली की तडकते. शिकाऊ हाताला पहिली बरी.

दुकानात जाताना खिशात कापसाचा पेळू न्यावा. आपल्या भागात त्याला काय तोटा! काठीवरच्या प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवावा. तंतू अडकला, तर कडीला चीर आहे. ती चीर पुढे दोरी कापणार. ही परीक्षा फुकट आहे आणि खात्रीची आहे. तडकलेल्या कडीची काठी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

रिळाचे मुख्य दोन प्रकार. एक काठीच्या खाली लटकणारे, त्याला स्पिनिंग म्हणतात. दुसरे काठीच्या वर बसणारे, बेटकास्टर. दुसऱ्यात फेकताना अंगठ्याने चकरीचा वेग आवरावा लागतो. नाही आवरला तर दोरीचा असा गुंता होतो की अर्धा दिवस तो सोडवण्यातच जातो. म्हणून पहिले रीळ स्पिनिंगचेच, तीन हजार किंवा चार हजार नंबरचे. मूठ फिरवून पाहावी. ती खडखडता कामा नये. रीळ काठीला लावून मुठीच्या पुढे एका बोटावर तोलावे. तोल बोटाजवळच राहिला तर दिवसभर हात भरून येणार नाही.

दोरी विणलेली, तीस पौंडांची. ती बारीक असून शेवाळ कापत येते आणि ताणत नाही. रिळाला ड्रॅग नावाची पकड असते. मासा जोराने पळाला की ती दोरी सोडते, नाहीतर दोरी किंवा काठी तुटेल. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ड्रॅग ठेवावा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो; त्याचा चौथा हिस्सा सव्वातीन-साडेतीन किलो. घरातला स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढला की हा हिशेब जमतो.

आमिष म्हणून जिवंत बेडूक लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडावी. बेडूक रात्रभर आपल्याच बांधावरचे किडे खातो. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली, त्यामागे हाही विचार होता. रबरी बेडूक अनेकदा वापरता येतो आणि त्याच्या गऱ्या अंगाला चिकटून असल्याने शेवाळात अडकत नाहीत. मरळीने झडप घातली की लगेच झटका देऊ नये. एक श्वास थांबावे, दोरी ताणली जाऊ द्यावी, मग काठी उचलावी.

नदीवर जाण्याआधी आठ दिवस खळ्यात सराव करावा. गरी काढून दोरीला पंधरा ग्रॅमचा नट बांधावा, वीस पावलांवर घमेले ठेवावे आणि त्यात नेम धरावा. घरातली लेकरेही यात रमतात.

गळाचा खेळ आपल्याला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने त्यांना धरण्याची रीत, हे सारे त्यात आले आहे. राजाने ज्याला विनोद म्हटले, तो आपल्या पोरांनाही मिळावा, एवढेच माझे म्हणणे.

आणि हे म्हणणे केवळ हौसेचे नाही. एका एप्रिलमध्ये गावातला एक तरुण माझ्याकडे आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, डोहात मरळी हायेत. असं कोन्तं औषध हाय का, टाकलं का वर येतीन?" मी त्याला बसवले. म्हटले, "भाऊ, त्या डोहावर तुझीच गुरे पाणी पितात. औषध मरळ आणि पिलू ओळखत नाही. आणि तो विषारी मासा तुझ्या घरची चिलीपिली खातील." पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणे हा १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे, हेही सांगितले. पण नुसते 'नाही' म्हणून तरुण पोर ऐकत नाही. म्हणून माझी जुनी काठी त्याच्या हातात दिली आणि रविवारी सोबत यायला सांगितले. पाच रविवार तो रिकाम्या हाताने परतला. सहाव्या रविवारी किलोभर मरळ लागली. तिला पिशवीत घालून तो गावातून कसा चालला, ते पाहण्यासारखे होते.

त्याच पावसाळ्यात आम्ही डोहाच्या कडेला लालसर पिलांचा घोळका पाहिला. सारी पिले एकदम श्वास घ्यायला वर येत आणि पाण्यावर पाऊस पडल्यासारखे बुडबुडे उठत. खाली मरळ राखणीला होती. अशा वेळी ती समोर येईल त्यावर तुटून पडते, म्हणून तिला धरणे सर्वांत सोपे. पण ती गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. त्या पोराने माझ्याकडे पाहिले आणि न सांगताच काठी खाली ठेवली. मला त्या सहाव्या रविवारापेक्षा हा दिवस मोठा वाटतो.

शेवटी जिवाच्या चार गोष्टी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारेखाली काठी उभी धरू नका, आणि ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून घरी या. प्लास्टिकच्या शेततळ्याच्या काठावर पाय ठरत नाही. तिथे एकट्याने जाऊ नका, ट्यूब आणि दोर जवळ असू द्या. जलाशयात आणि तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारूनच गळ टाका. भोई बांधवांचे पोट त्या पाण्यावर आहे, आपली फक्त हौस आहे. आणि खाण्यापुरती एक मरळ मिळाली की दोरी गुंडाळा. पाण्यात राहिलेली मरळ पुढच्या रविवारीही तिथेच असते.