माझ्या पोटाचा रंग

मंडळाच्या संक्रांतीला मी दिसले नाही, म्हणून बऱ्याच जणींचे फोन आले. ‘जरा बरं नव्हतं’ एवढंच सांगितलं. छातीचा कॅन्सर हे शब्द आपण अजून दार लावूनच बोलतो. पण त्या एका रात्रीबद्दल लिहायलाच हवं.

स्तन काढल्यावर त्याच ऑपरेशनमध्ये माझ्या ओटीपोटावरची कातडी नि चरबी छातीवर बसवली. इथे त्याला फ्लॅप म्हणतात. त्यातली रोहिणी आणि नीला छातीतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. जोड तुंबला तर तो भाग काही तासांत मरू शकतो. शिवाय तिथे संवेदना नसते, त्यामुळे दुखून कळत नाही. म्हणून सुरुवातीला नर्स तासातासाला येऊन बघते: रंग, ऊब, सूज, बोटाने दाबल्यावर रंग किती वेळाने परत येतो ते, आणि डॉपलरमधून रक्ताचा आवाज.

मला धीर यावा म्हणून ह्यांनी आधी एक गोष्ट सांगितली होती. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं. कातडी भुवयांपाशी जोडलेलीच ठेवल्यामुळे रक्त चालू राहिलं. माझा जोड मात्र नवा होता.

दुसऱ्या रात्री तीनला नर्सने डॉपलर लावला. सुं-सुं आवाज आला. ‘छान आहे,’ म्हणाली. मला तो तुकडा जांभळट, फुगलेला वाटला. ‘तुमची कातडी सावळी, थोडं काळंनिळं दिसणारच.’ मी गप्प बसले. इथे इतकी वर्षं काढली, तरी डॉक्टर-नर्सपुढची भीड काही जात नाही. बिचारीला त्रास कशाला!

पण माझ्या पोटाचा रंग माझ्याइतका कुणाला ठाऊक? ह्यांना उठवलं. ह्यांनी टॉर्च धरला, मी पोट आणि छाती दोन्ही ताडून पाहिलं. रंगात जमीन-अस्मानाचा फरक! पुन्हा घंटा दाबली. ह्या वेळी नर्सने बोटाने दाबून पाहिलं, तर पापणी लवायच्या आत रंग परत आला. तिचा चेहराच बदलला. तिने लगेच सर्जनना फोन केला.

रक्त आत जात होतं, म्हणून आवाज येत होता. बाहेर पडायची वाट मात्र नीलेत गुठळी होऊन बंद झाली होती. पहाटेच मला पुन्हा थिएटरमध्ये नेलं. गुठळी काढून जोड परत केला आणि फ्लॅप वाचला.

नर्सवर माझा राग नाही. गोऱ्या कातडीवरच तिचा डोळा तयार झालेला. पण मैत्रिणींनो, कुणावर अशी वेळ आलीच, तर आदल्या दिवशी चांगल्या उजेडात पोटाचा फोटो काढून ठेवा. रंग बदललासा वाटला, तर किती वाजलेत ते न बघता घंटा दाबा. भीड पाहुण्यांसाठी ठेवा.

पुढच्या संक्रांतीला मी येणार आहे. काय विचारायचं ते विचारा, दार न लावता!