थांबलेल्यांचा लोड

परवा रात्री सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि तापलेल्या धुळीचा वास आला. पंखे जीव खाऊन फिरत होते. साइट्स उघडत होत्या, पण रडतखडत. 'टॉप' लावलं. प्रोसेसर खाणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं ते सर्व्हर सांभाळायला बसवलेलं पॅनेल.

असाच वास बीड जिल्ह्यात, वडवणीतल्या एका सेवा केंद्रात यायचा. जुलैअखेर, बाहेर भुरभुर पाऊस आणि पायरीवर सातबारा, पासबुक कॅरीबॅगेत गुंडाळून बसलेली आई. "सरवर चालंना म्हनतंय पोरगं." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तो अजून ऐकू येतो. पीक विम्याची मुदत ३१ जुलै असायची. २०१७ साली राज्यभर अशा रांगा लागल्या आणि मुदत वाढवावी लागली.

'टॉप' विल्यम लफेव्र यांनी १९८४ साली लिहिलं. त्यात वरच लोडचे तीन आकडे दिसतात: एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. लिनक्समध्ये १९९३ पर्यंत या आकड्यांत फक्त चालणारी आणि प्रोसेसरसाठी ताटकळणारी कामं धरत. माथियास उर्लिक्स यांनी हरकत घेतली: डिस्क संथ असली की कामं तिच्यापाशी अडकतात, यंत्र रखडतं आणि लोड मात्र कमी दिसतो. तेव्हापासून डिस्कची वाट पाहणारी कामंही लोडमध्ये धरली जातात. हा बदल मला फार प्रिय आहे.

परवाचं दुखणंही तसलंच. कुठल्या खात्यानं किती जागा व्यापली, हे मोजायला पॅनेल ठरावीक वेळानं एक काम सोडतं. ते एकेक फाइल चाळतं. फाइली वाढल्या, पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुटू लागली, मग तिसरी. काही प्रोसेसर खात होत्या, बाकीच्या डिस्कपाशी 'डी' अवस्थेत उभ्या. या अवस्थेतलं काम 'किल' करूनही मरत नाही; डिस्कचं उत्तर येईपर्यंत ते तिथंच असतं. "रीस्टार्ट मार," सहकारी म्हणाला. या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. रीस्टार्टनं यादी पुसली जाते, कारण तसंच राहतं. मी फेऱ्यांमधलं अंतर वाढवलं, पहिली संपेपर्यंत दुसरी सुटू नये म्हणून लॉक घातलं, त्या कामाचा अग्रक्रम खाली आणला. पहाटे पंखे शांत झाले.

आईच्या रांगेच्या दुसऱ्या टोकालाही कुणीतरी अशी यादी उघडायला हवी होती. "सर्व्हर डाऊन" म्हटलं की बोलणंच संपतं आणि पायरीवरच्या माणसाचा बुडालेला रोज कुठेच लागत नाही.

थांबण्याचा हिशेब न ठेवणं आमच्याकडे नवं नाही. दिवाळीच्या आगंमागं घरांना कुलपं लागतात, ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे जातात. चुलता बैलगाडीवर होता. भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यापुढं नंबराला लागली की रात्र तिथंच. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. मजुरी टनावर, म्हणजे थांबल्यानं ती आणखी कमी. मुकादमाच्या वहीत उचल असायची, खेपा असायच्या. काट्यापुढच्या रात्रींना रकाना नव्हता. तोडणीच्या दराची बोलणी होतात तेव्हा टनाच्या भावाबरोबर त्या तासांचाही भाव मागायला हवा.