पायरी

पत्त्यांच्या खेळाला आपल्याकडे चांगले नाव कधी मिळालेच नाही. घरात लग्न असो वा दिवाळी, जेवणे उरकून जाजम पसरले आणि कुणी मेंढीकोटाचा डाव मांडला, की एखादी वडीलधारी बाई "झालं सुरू!" म्हणून कपाळाला आठ्या घालणारच. तीच बाई दुपारी नातवंडांबरोबर बदाम सात खेळताना सत्ती दाबून बसते, ही गोष्ट वेगळी. सावंतवाडीच्या गोल गंजिफा पाहिल्या म्हणजे वाटते, दशावतारांचे एकशेवीस पत्ते ज्या मुलखाने हाताने रंगवले, त्याला पत्त्यांचे इतके वावडे असायचे कारण नव्हते. पण आहे खरे.

ब्रिज तेवढा या बदनामीतून थोडासा सुटला. वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा मंडळींनी त्याला जवळ केले आणि त्याच्या अंगावर आपोआप कोट चढला. आमच्या सोनपेठेतही तो आला तो असाच. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले इंजिनीअर, परभणीच्या कृषी विद्यापीठातले कुणी, बदलीवर आलेले बँकेचे साहेब! माणसे आली, निवृत्त झाली, काही गेलीही. खेळ मात्र मागे राहिला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशाच चार-पाच हौशी मंडळींनी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये जोड्यांची स्पर्धा ठरवली आणि गुण मोजायचे काम माझ्या गळ्यात घातले. कारण एवढेच, की मी मास्तर. मास्तराला बेरीज आलीच पाहिजे आणि हल्लीच्या दिवसांत संगणकही आलाच पाहिजे, असा गावाचा समज असतो. तो खोटा ठरवणे बरे नव्हे.

ज्यांनी ब्रिज पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. आधी बोली लावायची, मग बोललेले हात करून दाखवायचे. किलवर आणि चौकट हुकूम असेल तर बोललेल्या प्रत्येक हाताला २० गुण, बदाम आणि इस्पिक असेल तर ३०. अमेरिकेतला एक धनिक, हॅरल्ड व्हँडरबिल्ट, १९२५ साली बोटीतून लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला चालला होता. त्या प्रवासात त्याने सोबत्यांपुढे गुणांचे जे नवे कोष्टक मांडले, त्यातून आजचा काँट्रॅक्ट ब्रिज उभा राहिला. म्हणजे खेळ जुनाच. नवीन होता तो हिशेब. हिशेब बदलला की खेळ बदलतो, ही गोष्ट आम्हा मास्तरांना वेगळी सांगायला नको.

स्पर्धेतला ब्रिज याच्याही पुढची पायरी गाठतो. घरच्या खेळात ज्याला चांगली पाने आली तो जिंकतो. स्पर्धेत हे नशीब काढून टाकलेले असते. एकदा वाटलेली पाने चार कप्प्यांच्या एका पाटीत जशीच्या तशी ठेवतात. तिला बोर्ड म्हणतात. तो बोर्ड टेबलाटेबलांवरून फिरतो आणि तीच पाने प्रत्येक जण आपापल्या टेबलावर खेळतो. लंडनमध्ये १८५७ साली हा प्रयोग व्हिस्ट या खेळावर झाला होता. पुढे शिकागोच्या जॉन मिचेलने जोड्या कशा फिरवायच्या याची पद्धत बसवली, आणि ती आजही त्याच्याच नावाने चालते. उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसतात, पूर्व-पश्चिम जोड्या दर फेरीला पुढच्या टेबलावर सरकतात, आणि बोर्ड मागच्या टेबलाकडे जातात.

आमच्याकडे चौदा जोड्या आल्या. सात टेबले, सात फेऱ्या, फेरीला चार बोर्ड, एकूण अठ्ठावीस. प्रत्येक बोर्डाचे सात निकाल. समजा एका बोर्डावर तीन टेबलांवर इस्पिकाची चाराची बोली बरोबर पुरी झाली. गुण ४२०. दोन टेबलांवर एक हात जास्त झाला, ४५०. एकाने बिनहुकमी तीन करून ४०० मिळवले आणि एकाची बोली एका हाताने बुडाली, उणे ५०. आता या आकड्यांची बेरीज करायची नाही. आपल्या बाजूच्या ज्या जोडीपेक्षा आपला निकाल सरस, तिच्यामागे दोन गुण. बरोबरी असेल तर एक. म्हणजे ४५० वाल्यांना अकरा-अकरा, ४२० वाल्यांना सहा-सहा, ४०० वाल्याला दोन आणि बुडालेल्याला शून्य. समोरच्या बाजूला याच्या उलट. असे अठ्ठावीस वेळा करायचे. पूर्वी हे काम कुणीतरी गृहस्थ रात्री उशिरापर्यंत जागून तक्त्यावर करत, आणि बक्षिसे दुसऱ्या दिवशी वाटत. आता मोठ्या स्पर्धांत टेबलावर एक लहानसे यंत्र असते. त्यात आकडा दाबला की तो परस्पर संगणकात जातो. आमच्याकडे चिठ्ठ्याच होत्या. शाळेतली दोन पोरे त्या गोळा करून आणणार आणि मी सॉफ्टवेअरमध्ये भरणार.

चार संध्याकाळी बसून मी ते सॉफ्टवेअर लावले. टेबले किती, बोर्ड किती, फिरण्याची पद्धत कोणती, शेवटच्या फेरीत दिशा उलटायच्या की नाहीत. ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. दिशा उलटल्या नाहीत तर दोन्ही बाजूंचे दोन वेगळे विजेते निघतात, आणि मंडळींना एकच हवा होता. इथवर सगळे सरळ होते. मग पायऱ्या आल्या.

पायऱ्यांची कल्पना अशी. तीस वर्षे खेळणारा आणि गेल्या वर्षी शिकलेला एकाच हॉलमध्ये बसतात, तेच बोर्ड खेळतात, गुणही एकत्रच मोजले जातात. मात्र याद्या तीन निघतात. पहिल्या यादीत सगळे. दुसरीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचे. तिसरीत फक्त तिसऱ्या पायरीचे. म्हणजे नवशिक्याला वरचे दार उघडे, पण वरच्याला खाली उतरून बक्षीस नेण्याची मुभा नाही.

मला ही व्यवस्था पाहताक्षणीच आवडली. दिवाळी झाली, की ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर माझ्या वर्गातली काही बाके रिकामी होतात. ती पोरे उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात आणि वर्षभर बाकावर बसलेल्या पोरांचीच प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे येते. २०१० पासून आम्ही गुणांऐवजी श्रेणी लिहितो. तरी पोरांना आपण कुठे आहोत ते बरोबर कळते. प्रश्नपत्रिका सारखी असते, पण वर्षाची पाने सारखी वाटलेली नसतात. ब्रिजमध्ये पानेही सारखी आणि वर पायऱ्याही! एवढा न्याय मी शाळेत पाहिला नव्हता.

अडले ते एका जोडीपाशी. परळीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांची अकरावीतली नात. आजोबा एके काळी या भागातले नामांकित खेळाडू. त्यांची भिडू म्हणजे आजी. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि आजोबांनी पत्ते कपाटात ठेवले. नातीने आजीच्या वहीवरून खेळ शिकून घेतला आणि त्यांना पुन्हा टेबलाशी आणले.

सॉफ्टवेअरला प्रत्येक खेळाडूमागे एक आकडा हवा होता. तो समितीने अनुभव पाहून ठरवला. आजोबांना ९०, नातीला ५. साठाच्या वर पहिली पायरी, पंचविसाच्या खाली तिसरी. पण जोडीची पायरी कोणती? यंत्र विचारत होते, दोघांतल्या वरचढाचा आकडा धरू, की दोघांची सरासरी? रूढ नियम वरचढाचा आहे. पोर नवखी असली तरी जिचा हात धरला त्याच्या पायरीवर तिने उभे राहायचे. सरासरी धरली तर ही जोडी दुसऱ्या पायरीत येत होती आणि बक्षिसाची आशा होती.

समितीतले एक वकील जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, सरासरी धरा. त्यांना आता पानं ध्यानात राहत नाहीत. वरच्या पायरीत बसवून म्हाताऱ्या माणसाची शोभा कामून करायची?"

बोलणे मायेपोटीचे होते. पण नात नावांची चिठ्ठी द्यायला दाराशी आली होती, तिने ते ऐकले. वकीलसाहेब गेल्यावर ती म्हणाली, "सर, आजोबांना खाली नका टाकू. ते घरी सगळ्यांना सांगायलेत, मी पहिल्या पायरीत हाव म्हणून. मला बक्षीस नाही भेटलं तरी चालतंय."

मी वरचढाचा नियम ठेवला. तिच्यासाठी नव्हे, नियम सगळ्यांना आधीच कळवला होता, आणि एका जोडीसाठी, मग ती कोणतीही असो, तो बदलणे बरे नव्हते. पण तिने तसे सांगितले नसते तर तो नियम मला थोडा निष्ठुर वाटत राहिला असता. पोरीच्या डोक्यावरचे ओझे म्हणूनच मी त्याच्याकडे पाहत होतो. तोच नियम आजोबांच्या पाठीशी उभा आहे, हे माझ्या ध्यानात तिनेच आणले.

स्पर्धेच्या दिवशी पाचव्या फेरीत मी चिठ्ठ्यांची वाट न पाहता त्यांच्या टेबलामागे जाऊन उभा राहिलो. इस्पिकाची चाराची बोली, खेळणारे आजोबा. अशा वेळी भिडूने आपली पाने टेबलावर उघडी मांडायची आणि गप्प बसायचे; सल्ला द्यायचा नाही, खूण करायची नाही. समोरून बदाम आले. आजोबांनी हुकूम टाकला. त्यांच्या हातात बदामाचे एक पान कडेला अडकले होते, ते मला मागून दिसत होते. नातीला ते दिसण्याचा संभवच नव्हता. पण तिने मोजले असावे. गप्प बसलेल्या भिडूला कायदा अशा वेळी एकच प्रश्न विचारू देतो, आणि तो तिला ठाऊक होता.

"आजोबा, बदाम नाहीत का?"

आजोबांनी पाने पुन्हा पसरली, बदाम सापडला. खेळणाऱ्याला अशी चूक वेळेवर ध्यानात आली तर दंडावाचून सुधारता येते. त्यांनी हुकूम उचलला, बदाम टाकला, आणि दहा हात पुरे केले. चिठ्ठी माझ्याकडे आली. ४२०. यंत्राने सहा गुण लिहिले. त्या बोर्डावर आणखी दोन जोड्यांना सहाच होते. त्या टेबलांवर हे दहा हात कसे झाले, ते यंत्राने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

संध्याकाळी तिन्ही याद्या लागल्या. गंमत अशी, की एकंदर तिसरा क्रमांक तिसऱ्या पायरीच्या नवरा-बायकोने पटकावला. खालच्या दोन्ही याद्यांच्या माथ्यावरही तेच. आजोबा आणि नात सहावे. सरासरी धरली असती तर दुसऱ्या यादीत तिसरे येऊन बक्षीस घेऊन गेले असते. हे नातीला ठाऊक होते; तिने ते यादी पाहताच बोटांवर मोजले. आजोबांना तिने ते सांगितले नाही.

आजोबा यादीपुढे बराच वेळ उभे होते. जाकार्ताच्या २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिज प्रथमच आला, तेव्हा साठ वर्षांच्या प्रणव बर्धन आणि छपन्न वर्षांच्या शिवनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्या बातमीचे कात्रण आजोबांच्या पाकिटात होते, ते त्यांनी मला काढून दाखवले. मग म्हणाले, "पहिल्या पायरीत सहावा नंबर म्हणजे वाईट नाही, मास्तर. पोरगी नवीन आहे. तिला अजून तयार करायला पाहिजे."

नात शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "होय आजोबा," आणि त्यांची पिशवी उचलून चालू लागली. परळीची शेवटची गाडी निघायला थोडाच वेळ उरला होता.