सात विरुद्ध दोन

शनिवार, ५ ऑक्टोबर २०१९

मंगळवारी ज्युरी ड्युटी, नेमकी दसऱ्याला. आरतीला जमलेल्यांनी न विचारता सल्ले दिले. इंग्रजी नीट कळत नाही म्हण. पोलिसांवर विश्वास नाही म्हण. कुलकर्णीकाका सगळ्यांच्या वरताण: “सरळ सांगायचं, मी पूर्वग्रहदूषित आहे. पाच मिनिटांत घरी!” दिवसाला पाच डॉलर भत्ता मिळतो, त्याचीही टिंगल झाली. हीच मंडळी एरवी ‘आपल्याला इथं कुणी विचारत नाही’ म्हणून तावातावानं बोलतात.

सोमवार, ७ ऑक्टोबर

वॉशिंग्टनला आज सुप्रीम कोर्टात एव्हांजेलिस्तो रामोसच्या खटल्याचा युक्तिवाद झाला. लुइझियानात बारापैकी दहा पंचांनी त्याला खुनाचा दोषी ठरवलं, दोघं नाही म्हणाले, तरी जन्मठेप. ओरेगन सोडलं तर बाकी राज्यांत गंभीर गुन्ह्याला सगळ्या पंचांचं एकमत लागतं.

हा नियम आला कुठून, ते वाचण्यात संध्याकाळ गेली. काळ्या माणसाला रंगावरून ज्युरीबाहेर ठेवणारा कायदा घटनाबाह्य, असं सुप्रीम कोर्टानं १८८० मध्येच ठरवलं होतं. मग लुइझियानाच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी १८९८ च्या घटनापरिषदेत दुसरी वाट काढली: बारापैकी नऊ मतं पुरेत. एखाददुसरा काळा पंच आत आलाच तर येऊ दे. पंगतीला बसवायचं, पानात वाढायचं नाही. पुढे १९७४ मध्ये नवाचे दहा झाले. गेल्या वर्षी तिथल्या मतदारांनी नियम बदलला, पण फक्त यंदाच्या १ जानेवारीपासूनच्या गुन्ह्यांसाठी. रामोसला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पर्समध्ये आपट्याचं पान होतं. दारावरच्या सुरक्षारक्षकानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

खटला अमली पदार्थांचा. आरोपी विशीतला काळा मुलगा, अंगावर खांद्यात मोठा होणारा सूट. न्यायाधीशबाई एकेकाला विचारत होत्या: घरात कुणी पोलीस आहे का, कुणाला अटक झाली आहे का, निःपक्ष राहू शकाल का. चार नंबरच्या खुर्चीत पांढऱ्या केसांचे एक काळे गृहस्थ होते, बसचालक. चुलतभाऊ कधीतरी तुरुंगात होता, म्हणाले. निःपक्ष राहीन, असंही म्हणाले. थोड्या वेळानं सरकारी वकील उठल्या आणि अगदी गोड आवाजात, सरकारच्या वतीनं आभार मानून त्यांनी चार नंबरला मोकळं केलं. कारण सांगावं लागत नाही. आणखी तिघं गेले, त्यांत दोन गोरे.

दुपारी माझे आभार मानले ते आरोपीच्या वकिलांनी. मी फार्मसिस्ट, गोळ्यांचा हिशेब ठेवणारी, म्हणून असेल. किंवा भारतीय बाई पोलिसांच्याच बाजूनं झुकणार, असा हिशेब असेल. दोन्ही कारणं एकाच माणसात राहतात. चार नंबरचंही तेच: चुलतभाऊ की रंग?

गुरुवार, १० ऑक्टोबर

चुलतभाऊ की रंग, या प्रश्नाला सुप्रीम कोर्टानं दिलेलं उत्तर १९८६ चं आहे, बॅटसन खटल्यातलं. केंटकीत सरकारी वकिलानं चारही काळ्या उमेदवारांना वगळलं होतं. तेव्हापासून समोरच्यानं हरकत घेतली, तर वगळण्याचं वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यावं लागतं. कारणांना काय तोटा? पत्ता, नातेवाईक, नजर चुकवली, फार वेळ रोखून पाहिलं.

खोटं उघड होतं ते कागद सापडला किंवा आकडे अति झाले म्हणजे. जॉर्जियात टिमोथी फॉस्टरच्या १९८७ च्या खटल्यातली सरकारी टिपणं पुढे हाती लागली. काळ्या उमेदवारांची नावं हिरव्या रंगात रंगवलेली. कोर्टानं त्याला न्याय दिला २०१६ मध्ये. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलानं सहा वेळा खटला चालवला आणि एकूण ४२ काळ्या उमेदवारांपैकी ४१ जणांना वगळायला पाहिलं. सहाव्या वेळी वगळलेल्या पाच काळ्यांना मिळून १४५ प्रश्न, निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून बारा. तो निकाल यंदा जूनमध्ये रद्द झाला.

फ्लोरिडातल्या सातशेहून जास्त खटल्यांचा २०१२ चा अभ्यास मला जास्त बोचला. निवडीसाठी बोलावलेल्यांत एकही काळा माणूस नसेल, तर काळा आरोपी दोषी ठरण्याचं प्रमाण गोऱ्यापेक्षा १६ टक्केबिंदूंनी जास्त. एक जरी असेल तर हा फरक पुसला जातो, मग तो शेवटी पंच म्हणून बसो न बसो. वकिलांचे नकार त्याच्यावर खर्च होतात, ते दुसऱ्या कुणावर होत नाहीत. म्हणजे परवा माझं तिथं रांगेत असणं अगदीच फुकट नसावं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

टिळकांचा खटला काढून बसले. जुलै १९०८, मुंबई हायकोर्ट. सरकारनं खास ज्युरी मागितली. त्यात युरोपियनच जास्त येतील आणि ‘केसरी’चे लेख त्यांना मराठीत वाचता येणार नाहीत, ही टिळकांच्या बाजूची हरकत फेटाळली गेली. बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. सात म्हणाले दोषी, दोन म्हणाले निर्दोष. त्याआधी १८९७ च्या त्यांच्या खटल्यात सहा युरोपियन दोषी म्हणाले होते, तीन हिंदी पंच निर्दोष. नऊपैकी सहांचं मत आणि न्यायाधीशाची संमती एवढं कायद्याला पुरत होतं. १८९७ ची मुंबई आणि १८९८ चं लुइझियाना, एकाच सुमाराची माणसं एकाच पद्धतीची बेरीज करत होती.

पण सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर स्वतः पारशी होते, आणि १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी तेच वकील म्हणून उभे होते! चेहरा पाहून मत ओळखू म्हणणाऱ्या वकिलांना हे कुणीतरी सांगायला हवं. टिळकांचं बाणेदार उत्तर आम्हाला शाळेत पाठ होतं. त्या दोन पंचांची नावं कुणी शिकवली नाहीत.

रविवार, १३ ऑक्टोबर

कोजागिरी कुलकर्ण्यांकडे. काकांना नोव्हेंबरचं समन्स आलंय. मी टिळकांचं सांगितलं. “मग त्या दोघांनी जाऊन मिळवलं काय?” काका म्हणाले. मी म्हटलं, तिथं दोघांचं चाललं नाही, इथं न्यू जर्सीत एकानं नाही म्हटलं तरी निकाल अडतो.

“म्हणजे पटेपर्यंत कोंडून ठेवणार? छे! मी आपला सांगून टाकतो, पूर्वग्रहदूषित आहे म्हणून.”

“काका, ते शपथेवर सांगावं लागतं. खोटं बोलता येणार नाही.”

काकू दूध ढवळत होत्या. “नेवार्कला सिग्नलवर गाडीचे दरवाजे लॉक करतो तो हा माणूस,” त्या म्हणाल्या. “खोटं कुठे बोलावं लागणार आहे त्याला?”